तृतीयेची ओहोटी

खडकांतल्या डबक्यांजवळ उभं राहून "किती शांत वाटतं ना इथे!" म्हणणाऱ्या माणसांचा मला राग येतो. त्यांनी दहा मिनिटं उकिडवं बसून नुसतं बघावं. नखाएवढा शंख शेजारच्या कालवाच्या कवचाला भोक पाडत असतो, तासन्‌तास, आतलं मांस हाती लागेपर्यंत. समुद्रफूल म्हणून ज्याचे फोटो काढतात ते कोलंबीचं पिल्लू जिवंत गिळत असतं आणि पिल्लाच्या मिशा बराच वेळ बाहेर हलत राहतात. शंखात राहणारे दोन खेकडे एका घरासाठी एकमेकांना ओढून बाहेर काढत असतात. जो हरतो तो उघडाच पळतो आणि चार पावलांवर कुणाच्या तरी तोंडी पडतो. पाणी स्वच्छ असतं म्हणून आपल्याला शांत वाटतं, एवढंच.

मे महिना लागला, अमावास्या उलटली, की आमच्या सोसायटीतली पोरं माझ्या दाराची बेल वाजवायला लागतात. "सुमाआजी, खडपावर कधी?" खडप म्हणजे किनाऱ्याला लागून असलेला खडकांचा पट्टा. भरतीत तो पूर्ण बुडतो, ओहोटीत उघडा पडतो, आणि खळग्याखळग्यांत पाणी अडकून त्याची डबकी होतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप लांब मागे हटतं, तेव्हा ही डबकी बघायला जायचं. मी अंधेरीतच जन्मले, अंधेरीतच म्हातारी झाले. वेसाव्याच्या बाजूचं ते खडप घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे. दर उन्हाळ्यात मी आठ-दहा पोरांना घेऊन जाते आणि दर उन्हाळ्यात परत येताना ठरवते की पुढच्या वर्षी नाही म्हणजे नाही.

मी खवट आहे हे पोरांना ठाऊक आहे. बक्कल असलेल्या चपला हव्यात, सपाता घालून आलेला परत घरी जातो. पाण्याची वेळ मी छापील तक्त्यात बघते, मग फोनवर बघते, मग खाली कोळीवाड्यातल्या एका बाईला विचारते, आणि तिघांचं जुळलं तरच निघते. पाणी उतरत असताना आत जायचं, ते फिरायच्या आत बाहेर यायचं. दर थोड्या वेळानं मागे वळून बघायचं, कारण समुद्र समोरून येतो हा शहाण्यांचा गैरसमज आहे. तो आधी तुमच्या पाठीमागची घळ भरतो. हात ओले करून मगच कुणाला स्पर्श करायचा, तोही एका बोटाने. बिळात हात घालायचा नाही. दगड उलटला तर तो जसा होता तसा परत पालथा घालायचा, हळू, कारण त्याच्या पोटाला चिकटून कुणीतरी राहत असतं आणि उन्हात ते अर्ध्या तासात मरतं.

परवा रेवा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने दगड उलटला, खाली काही नाही म्हणाली आणि पुढे निघाली. मी तिचं मनगट धरलं. जरा जास्तच जोरात धरलं असणार, कारण संध्याकाळी तिची आई वर आली. "काकू, राग मानू नका हं, पण तिच्या हातावर वळ उठलाय. खेळायला तर नेता ना तुम्ही?" मी माफी मागितली. हा असा हात आमच्या घरातून आलाय. तो इतकी वर्षं मी खिशात घालून फिरते आणि अधूनमधून तो बाहेर येतो.

ही गोष्ट मी बारा वर्षांची असतानाची, माझा धाकटा भाऊ दिगू तेव्हा आठ वर्षांचा. बाबांची गिरणी बंद पडून सव्वा वर्ष झालं होतं. ते अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर हेल्पर म्हणून लागले होते. वीस वर्षं मागावर काम केलेल्या माणसाला त्याच्या निम्म्या वयाचा पोरगा "ए मामा, झाडू मार" म्हणायचा. बाबा तिथे झाडू मारायचे आणि घरी येऊन आम्हाला मारायचे. गिरणीतून येताना त्यांनी मागाच्या चामडी पट्ट्याचा हातभर तुकडा आणला होता. आठवण म्हणून आणला, असं आई सांगायची. तो दाराच्या मागे खिळ्याला असायचा आणि त्याला तेलाचा वास यायचा. आजही कुठे मशीनच्या तेलाचा वास आला की माझ्या पोटऱ्या आवळतात.

मार खाल्लेली पोरं दोन प्रकारची होतात. मी एका प्रकारची झाले, दिगू दुसऱ्या.

त्या उन्हाळ्यात परीक्षा संपल्यावर आम्ही दोघं आणि चाळीतली पोरं जवळपास रोज खडपावर जायचो. मी तिथे काय करायची ते सांगते, कारण सोसायटीतल्या पोरांना मी ते कधीच सांगितलेलं नाही. मी खेकड्यांचे पाय एकेक करून उपटायची आणि किती पाय गेल्यावर तो चालायचा थांबतो ते मोजायची. समुद्रफुलाच्या तोंडात आगपेटीच्या काड्या खुपसायची. एकदा म्युनिसिपालिटीने गटारावर टाकलेली ब्लीचिंग पावडर कागदात भरून नेली आणि एका मोठ्या डबक्यात ओतली. पाणी दुधासारखं झालं. मग एकेक जण वर यायला लागला. बोटभर मासे पांढरी पोटं वर करून आले. कोलंब्या खडकावर उड्या मारून पडल्या. कपारीतून एक छोटा आठ पायांचा प्राणी बाहेर पडला, त्याचे रंग भराभर बदलत होते, आणि शेवटी त्याचा रंग गेला. पोरं टाळ्या वाजवत होती. मला कसं वाटत होतं? झकास वाटत होतं. कुणीतरी माझ्यापुढे लोळत होतं.

दिगू त्या डबक्यातून ओंजळीने एकेकाला उचलून पलीकडच्या पाण्यात नेत होता. रडत होता आणि नेत होता. ब्लीचिंगने त्याच्या हातांची साल निघाली. "ताई, तू वाईट आहेस," तो म्हणाला. मी त्याला तिथल्या तिथे पाण्यात ढकललं.

उलटलेला दगड परत पालथा घालायचा, हा नियम माझा नाही, त्याचाच. मी पुढे दगड उलटत जायची आणि तो मागून ते सरळ करत यायचा. आमच्या दोघांच्या उन्हाळ्याचं एवढंच काय ते वर्णन आहे.

बाबांना समुद्राचा फार अभिमान. त्यांचं गाव तळकोकणातलं, पण अगदी किनाऱ्यावरचं नव्हे. खाडीच्या तोंडापासून दोन-तीन कोस आत, जिथे खाडी अरुंद होते आणि दोन्ही काठांना चिखल असतो तिथलं. भरती-ओहोटीची वेळ काढायची रीत त्यांना त्यांच्या वडलांनी शिकवलेली. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. तिच्या सहा तास आधी ओहोटी, त्यांच्या बोलीत सुकती. कोकणातल्या कुणालाही विचारा, तो हा हिशोब तोंडावर सांगेल. पण बाबांच्या हिशोबाला आणखी एक शेपूट होतं. आलेल्या वेळेत दीड तास मिळवायचा. का मिळवायचा, ते त्यांनी वडलांना कधी विचारलं नव्हतं. विचारणाऱ्याला काय मिळतं ते आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं.

अक्षय्य तृतीया त्या वर्षी रविवारी आली. बाबांना सुट्टी. आदल्या रात्री आईशी त्यांचं भांडण झालं होतं आणि सकाळी ते भलतेच खुशीत होते, त्यांचं नेहमीचं असंच. "चला रे, आज मी तुमका खडपावर नेतंय," ते म्हणाले. भिंतीवरच्या पंचांगापुढे उभं राहून त्यांनी मोठ्यानं हिशोब केला. "तृतीया. तीन तिये नव. भागिले चार, सव्वादोन. म्हणजे सव्वाआठाक सुकती. तेच्यात दीड तास घाल. पावणेधा." त्यांनी आमच्याकडे जिंकल्यासारखं बघितलं. "अकरापर्यंत बिनधास्त फिरूया." आई स्टोव्हजवळून म्हणाली, "पोरांना पुढे पाठवू नका." बाबा तोवर चपला घालत होते.

आम्ही साडेआठला खडपावर पोचलो. पाणी खरोखर लांब गेलं होतं. किनाऱ्याचे खडक आणि बाहेरचं खडप यांच्यामध्ये एक घळ आहे. ती घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडून आम्ही अगदी बाहेरच्या टोकाला गेलो. तिथपर्यंत आम्ही पोरं कधीच गेलो नव्हतो. ऊन अजून तापलं नव्हतं. हिरव्या शेवाळावरून पाय घसरत होते. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि ते गावच्या गोष्टी सांगत होते, आणि खोटं कशाला सांगू, त्या तासाभरात मला ते खूप आवडले. त्यांनी दिगूला एक तारामासा तळव्यावर ठेवून दाखवला. दिगू इतका हसला की त्याला उचकी लागली.

ते बीळ मला सापडलं. एका मोठ्या खडकाच्या पायथ्याशी आडवी कपार होती, हातभर खोल, आणि आत अंधारात दोन डोळे आणि एक मोठी नांगी. मी छत्रीची काडी घेऊन गेले होते. आडवी पडून मी ती आत खुपसायला लागले. आतून कटकट आवाज यायचा. तो खेकडा काडी पकडायचा, मी ओढायची, तो सोडायचा, मी पुन्हा खुपसायची. पंधरा-वीस मिनिटं तरी मी त्याला डिवचलं असेल. त्याच्या तोंडाला फेस आला होता. मला तो बाहेर हवा होता आणि तो येत नव्हता, तेवढ्यासाठी मी त्याचा मनापासून द्वेष करत होते.

बाबा मागून आले. "काडयेन काय येतली ती? माजो बापूस हातान काढी. एका फेरीत पाच-पाच कुर्ल्यो." मी हात पुढे केला. त्यांनी मला बाजूला सारलं. "तू नको. दिग्या, हयसर ये."

दिगू आला नाही. लांब उभा राहून म्हणाला, "बाबा, राहू दे ना त्याला. त्याचं घर आहे ते."

"भियातंस? बायलमाणसासारखो रडतंस काय रे? मरदासारखो हात घाल."

"नको ना, बाबा."

बाबांनी हात उगारला. मारला नाही, नुसता उगारला. आमच्या घरात तेवढं पुरायचं. दिगू ओल्या खडकावर पालथा पडला, डोळे मिटले, आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला.

किंकाळी आधी आली. पहिल्यांदा बाबा हसले. "धरल्यान? आता ओढ!" पण दिगूला ओढता येईना. त्याच्या करंगळीवर नांगी बसली होती आणि खेकडा पाय रोवून कपारीत घट्ट झाला होता. बाबांनी त्याचा दंड धरून खेचलं. दिगू असा ओरडला की आजूबाजूचे बगळे उडाले. बिळातून लाल पाणी आलं. बाबांनी पुन्हा खेचलं.

"ओ भाऊ! पानी फिरलंय! मागं बघा!"

कोळीण होती. वेसाव्याची, पन्नाशीची, कालवं फोडून परतणारी. काखेत टोपली, टोपलीत लोखंडी कोयती. नंतर तिचं नाव कळलं, हिराबाय. आम्ही मागे बघितलं. मघाशी घोट्याएवढं पाणी असलेल्या घळीत खडकांची टोकं दिसेनाशी झाली होती.

"अजून एक तास आसा," बाबा म्हणाले. "माका हिशोब येता. तृतीया आज."

"तृतीयेला सव्वाआठला फिरतं पानी. आता धा वाजले."

"दीड तास मिळवूचो लागता!"

"गाव खाडीच्या आत हाय का तुजं?"

बाबांनी मान हलवली.

"मग आत पोचायला दीड तास लागतो पान्याला. इथं समोर दर्या हाय, बाबा. इथं कुठून आनतोस दीड तास?"

माझ्या आजोबांचं, पणजोबांचं सगळं शहाणपण त्या एका वाक्यात बुडालं. बाबांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा रिकामा बघितला. जी गोष्ट माणूस उभ्या जन्मात एकदाही तपासत नाही तीच त्याला बुडवते, आणि एकट्याला नाही बुडवत, बरोबरच्या पोरांना घेऊन बुडवते.

हिराबायने टोपली खाली ठेवली आणि गुडघ्यावर बसून बिळात बघितलं. "मोठी चिंबोरी हाय. वढू नका कुनी. वढलं का ती आवळते. पोरा, हात ढिला सोड. मेल्यासारखा पड. तिला वाटू दे, हिते कोन नाय. मग सोडंल ती. आपनहून सोडंल."

"किती वेळ?" बाबांनी विचारलं.

"तिला वाटंल तेवढा."

मी दिगूच्या शेजारी पालथी पडले आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. त्याचा गाल खडकाला टेकलेला होता, तोंड माझ्याकडे होतं. "हलू नको," मी म्हणाले. "दिगू, हलू नको हं." त्याने खालचा ओठ दातांत धरला होता आणि ओठातूनही रक्त येत होतं. तो हलला नाही. घरी पट्ट्याला घाबरून लपणारा हा पोरगा तिथे नुसता श्वास घेत पडला. पहिली लाट आमच्या पोटाखाली आली आणि परत गेली. दुसरी छातीला लागली. खारट पाणी त्याच्या नाकातोंडात गेलं, तो खोकला, आणि खोकतानासुद्धा त्याने हात हलू दिला नाही.

बाबा मागे फेऱ्या मारत होते. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. "सोडल्यान काय? सोडल्यान काय रे?" ते सारखं विचारत होते.

"गप रे बाबा," हिराबाय म्हणाली. "गप ऱ्हा जरा."

मला अजून वाटतं, त्यांना त्या दिवशी कुणीतरी काहीतरी करायला सांगायला हवं होतं. दगड उचल, पाणी उपस, काहीही. गप राहण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांच्या हातांनी वीस वर्षं माग चालवला होता आणि सव्वा वर्ष आम्हाला मारलं होतं. थांबणं त्या हातांना कुणी शिकवलंच नव्हतं. तिसरी लाट आली ती दिगूच्या डोक्यावरून गेली. पाणी ओसरल्यावर त्याचे डोळे उघडे होते आणि तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर काहीतरी बदललं होतं. तो काहीतरी सांगायला तोंड उघडत होता.

बाबांनी टोपलीतली कोयती उचलली. हिराबाय "आरं नको" म्हणेपर्यंत ते माझ्या पाठीवर गुडघा टेकून वाकले होते आणि कोयती त्या बिळात हाणली होती. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दिगूचा हात बाहेर आला.

करंगळी नव्हती. तिच्या शेजारचं बोट कातडीला लटकत होतं. तुटलेली नांगी वेगळी बाहेर आली आणि पाण्यावर गोल फिरत राहिली. बाबा ती दाखवत ओरडत होते, "तोडलंय! बघ, तोडलंय तिका!"

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. हिराबायने लुगड्याचा पदर फाडून दिगूच्या मनगटावर करकचून बांधला. बाबांनी त्याला खांद्यावर घेतलं. घळीत पाणी माझ्या गळ्यापर्यंत होतं, पण पाण्याखाली एक दगडांची ओळ होती जी फक्त तिला माहीत होती. तिच्या कमरेला धरून मी एकेक पाय ठेवत गेले. मागे वळून बघितलं तेव्हा ज्या खडकावर आम्ही पालथे पडलो होतो तो दिसत नव्हता. किनाऱ्यावर पोचल्यावर तिने बाबांच्या एक सणसणीत थोबाडीत दिली, आणि मग रिक्षा थांबवायला रस्त्याकडे पळाली. बाबांनी ती थोबाडीत गालावर हात न लावता घेतली.

दवाखान्यात दुसरं बोटही काढून टाकावं लागलं. दिगूला तिथे ठेवून घेतलं, आई त्याच्याजवळ राहिली. संध्याकाळी मी आणि बाबा घरी. शेजाऱ्यांनी दिलेला आमरस झाकून ठेवलेला होता, सणाचा. आज केलेलं अक्षय राहतं म्हणतात. बाबा उठले आणि दारामागचा पट्टा काढला. "तू त्या कुर्लेक चाळवलंस म्हणान!" ते म्हणाले. पट्टा बसत होता तेव्हा मी पहिल्यांदाच ओरडले नाही. कारण पहिल्यांदाच मला वाटत होतं की ते खरं बोलतायत.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. तीन गुणिले चार, भागिले चार, तीन. म्हणजे सकाळी नऊला ओहोटी, आणि दीड तास मिळवायचा नाही. मी एकटी गेले. शेजारच्या बांधकामावरून एक लोखंडी सळई उचलून घेतली होती. पाणी उतरेपर्यंत किनाऱ्यावर बसून राहिले. घळ मोकळी होताच आत शिरले आणि ते बीळ शोधलं. तो आत होता. एकाच नांगीचा. सळईचं टोक लागताच मागे सरकला, पण मागे जागा नव्हती.

मी सळई आत घातली आणि सगळ्या वजनाने रेटली. कवच फुटल्याचा आवाज आला. पुन्हा रेटली. ओढून बाहेर काढला तेव्हा त्याचे पाय अजून हलत होते. मग दगड घेतला. दगडाने मी त्याला खडकावर ठेचला, आणि तो संपल्यावरही ठेचत राहिले. त्यानंतर त्या डबक्यात जे दिसलं ते मी मारलं. शंख फोडले, समुद्रफुलं सळईने खरवडून काढली, दगड उलटून टाकले आणि तसेच ठेवले. मला कुणी थांबवलं नाही. मी रडत होते की नाही ते आठवत नाही. तोंडात खारट चव होती, पण तिथे सगळंच खारट असतं. आज कुणी मला पोरांचं प्रेम, निसर्गाचं प्रेम वगैरे चिकटवायला लागलं की मला ती सकाळ त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटते. प्रेम नाही हो. माझ्यासारखी आणखी एक पोरगी त्या खडपावर सळई घेऊन जाऊ नये, एवढ्यासाठी मी दर उन्हाळ्यात तिथे उभी असते.

त्याच्या पाठीच्या कवचाचा मोठा तुकडा मी कागदात गुंडाळला आणि दवाखान्यात नेला. आई चहा आणायला खाली गेली होती. दिगूचा हात पांढऱ्या बोळ्यासारखा छातीवर होता. मी पुडी उघडून त्याच्यापुढे धरली. "घे. मारलं त्याला. तुझ्यासाठी मारलं."

त्याने त्या तुकड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"कशाला मारलंस, ताई?" तो म्हणाला. "त्याने सोडलं होतं मला."

"काय?"

"बाबांनी मारायच्या आधी. पाणी डोक्यावरून गेलं ना, तेव्हा. ढिलं झालं आणि सोडलं. मी हात बाहेरच घेणार होतो." त्याने डाव्या हाताने पुडी मिटली. "बाबांना सांगू नको."

मी बाबांना सांगितलं नाही. आधी दिगूने शपथ घातली म्हणून, पुढे मोठी झाल्यावर दुसऱ्याच कारणासाठी. रागाच्या भरात किती वेळा ते वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं असेल. त्यांनी आईवर हात टाकला तेव्हा, माझ्या लग्नाला आले नाहीत तेव्हा. एका वाक्यात मी त्यांना आडवं करू शकले असते. पण ते वाक्य उच्चारायला तोंड उघडलं की मला सळई आठवायची. त्यांनी निदान पाणी चढत असताना मारलं होतं. मी दुसऱ्या दिवशी, शांत डोक्याने, त्याला शोधत गेले होते.

दिगू डाव्या हाताने लिहायला शिकला. बँकेत लागला, संसार केला, नाहूरला घर घेतलं. शेवटची सहा वर्षं बाबा त्याच्याकडेच होते. मारायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. हातच उचलत नव्हते. पण कुणी पाहुणा आला की ते दिगूला हाक मारून त्याचा उजवा हात पुढे करायला लावायचे आणि ती गोष्ट सांगायचे. पाणी कसं चढलं, कोळीण कशी नुसती बघत बसली, आणि "शेवटी मीच कोयती घातलंय, नायतर झील माजो गेलोच होतो." दिगू हात पुढे करून उभा राहायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि मी उठून आत जायची.

ते जायच्या आदल्या आठवड्यात मी तिथे होते. बाबा अंथरुणात पडून होते, दिगू त्यांना चमच्याने पेज भरवत होता. त्यांनी मध्येच त्याचा उजवा हात धरला आणि राहिलेल्या तीन बोटांवरून अंगठा फिरवत राहिले.

"दिग्या, एक इचारू? तेव्हा मी जरा थांबलंय असतंय, तर सोडल्यान असती काय रे तिना?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी दारात उभी होते. दिगूने माझ्याकडे बघितलं नाही. चमचा वाटीत ठेवला, त्यांच्या हनुवटीवरून ओघळलेली पेज पुसली.

"नाय बाबा," तो म्हणाला. "सोडली नसतीन. तुमी होतास म्हणान वाचलंय."

बाबांनी डोळे मिटले. मी तिथे उभी राहून त्यांच्यावर जळत होते. त्यांना त्याने खोटं सांगितलं होतं. मला, बारा वर्षांची असताना, खरं सांगितलं होतं.